दोन इंचांची तार

गाडी घरी आली आणि चार दिवसांत घरातली सगळ्यात बोलकी बाई ठरली. दार नीट लागलं नाही, बोलली. पट्टा लावला नाही, बोलली. आणि इंजिन बंद केल्यावर मागच्या सीटवर काही वजन राहिलेलं असलं की तीनदा असा हॉर्न मारायची, की समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत यायची. सात जणांची ऐसपैस गाडी, मागे सीटांच्या दोन ओळी, त्यामुळे काही ना काही राहायचंच. कधी बटाट्यांची पिशवी, कधी मुलांची दप्तरं. माणूस कोणता आणि बटाटे कोणते, हे काही तिला कळायचं नाही.

मालक लिफ्ट दुरुस्त करणारा. बायको चिडवायची, "अहो, गावभरच्या लिफ्टी तुमच्यापुढे मान खाली घालतात, आणि घरची गाडी तेवढी तुमच्यावर ओरडते."

हे त्याला झोंबलं. एका रविवारी तो मागच्या सीटखाली आडवा झाला, एक प्लग शोधला, त्याच्या दोन टोकांमध्ये दोन इंचांची तार बसवली आणि बाहेर आला. इंजिन बंद केलं. गाडी गप्प.

आता याची गंमत बघा. हाच माणूस कामावर एक पत्र्याचा डबा बाळगायचा आणि त्यात सहा लाल तारा असायच्या. दार उघडं ठेवून लिफ्ट तपासायची तर लिफ्टला फसवावं लागतं. तार लावली की तिला वाटतं दार बंद आहे. काम झालं की तार काढायची, डब्यात टाकायची, मोजायची. सहा भरल्याशिवाय हा पठ्ठ्या इमारतीतून पाय बाहेर काढायचा नाही. एकदा एक सहकारी तार काढायला विसरला, तेव्हा याने त्याला सगळ्यांसमोर असा झाडला होता की तो बिचारा महिनाभर याच्यासमोर जेवणाचा डबा उघडायला बसला नाही. "यंत्राचं तोंड बांधायचं तर बांध," तो म्हणाला होता, "पण सोडल्याशिवाय घरी जायचं नाही." असा हा माणूस! आणि स्वतःच्या गाडीत तार ठोकून वर मजेत चहा पीत बसला.

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्या गाडीच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप होता. दिवसभर तिथे अनुभव चालायचे. कुणाची गाडी पेट्रोल जास्त पिते, कुणाचा एसी मागे पोचत नाही, कुणाच्या सासूला चढताना पायरी उंच पडते. आणि हॉर्नने तर सगळेच वैतागलेले. याने तारेचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'दोन इंचांची तार, कायमची शांतता.' त्या दिवसापासून लोक त्याला उस्ताद म्हणायला लागले. महिन्याभरात तीनशेच्या वर लोकांनी 'बसवली' म्हणून कळवलं. खोटं कशाला बोला, त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"हॉर्न लावणारे काय वेडे होते?" बायको म्हणाली. "काही विचार करूनच लावला असेल ना?"

"मला नको शिकवूस," उस्ताद म्हणाला.

ग्रुपमध्ये एक नर्स होती. सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. तिला तीन वर्षांची मुलगी होती, मागच्या सीटवर मुलीची छोटी खुर्ची कायमची बांधलेली, त्यामुळे गाडी रोज हॉस्पिटलच्या आवारात बोंबलायची. पेशंट तक्रार करायचे. फोटो पाहून तिला जमेना, म्हणून तिने व्हिडिओ कॉल लावला. उस्तादने समोर बसून प्लग दाखवला, तार कशी खुपसायची ते सांगितलं. मागे ती पोरगी आईच्या पाठीवर चढून विचारत होती, "काका, गाडीला काय झालं?"

"गाडीचा घसा बसलाय," उस्ताद म्हणाला. पोरगी खो खो हसली. मग तो सिस्टरला म्हणाला, "ताई, बिनघोर राहा. आता काही वाजणार नाही."

मग तो शनिवार उजाडला. ऊन सकाळपासूनच चटके देत होतं. उस्तादने बायकोला, दोन मुलांना आणि म्हाताऱ्या वडिलांना पोहण्याच्या तलावावर सोडलं. म्हणजे सोडलं असं त्याला वाटलं. वडील नेहमी सगळ्यात मागच्या ओळीत बसायचे, सगळ्यात शेवटी उतरायचे आणि बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. बायको मुलांना घेऊन आत गेली. मागचं दार लागल्याचा आवाज आला. उस्ताद निघाला, अकरा मजली इमारतीच्या उघड्या आवारात गाडी लावली आणि डबा घेऊन वर गेला.

पावणेअकराला बायकोचा फोन आला.

"अहो, बाबांना जरा फोन द्या. माझा चष्मा त्यांच्या पिशवीत राहिलाय का विचारायचंय."

"बाबा तुझ्याकडे आहेत."

"माझ्याकडे कुठे? बाकावर नाहीत, म्हणून म्हटलं तुमच्याबरोबर गेले असतील."

उस्तादच्या हातातला पाना खाली पडला. लिफ्ट त्यानेच बंद केली होती, सहाच्या सहा तारा लिफ्टला लावलेल्या होत्या. मेन स्विच खाली ओढला आणि जिन्याने पळत सुटला. अकरा मजले. तिसऱ्या मजल्यावर तो घसरून पडला, उठला. तोंडाने नुसतं "बाबा, बाबा" चाललं होतं.

म्हातारा मागच्या ओळीत आडवा पडला होता. सर्दीच्या गोळीने डोळा लागला होता. शर्ट पिळून काढावा इतका ओला, ओठ पांढरे, आणि एक हात काचेवर हळूहळू थापटत होता. मागच्या ओळीला दारच नव्हतं, आणि पुढची सीट दुमडायची कशी हे त्यांना कधीच जमलं नव्हतं. उस्तादने त्यांना ओढून बाहेर काढलं, सावलीत नेलं. तळमजल्यावरच एका डॉक्टरचा दवाखाना होता, म्हणून वाचले.

सलाईन लागल्यावर वडील बोलले. आवाज अगदी खोल गेला होता.

"मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली की तू येशील. म्हणून वाट बघत पडलो रे."

उस्तादला रडू आवरेना. चाळीस वर्षांचा बाप्या दवाखान्याच्या फरशीवर बसून हुंदके देत होता. मग उठला, गाडीपाशी गेला, सीटखाली हात घालून तार उपटली आणि खिशात टाकली. आणि तार खिशात टाकता टाकताच त्याने सवयीने मोजलं. सहा तारा वर, एक खिशात. बाकीच्या तीनशे?

त्याने ग्रुपवर लिहिलं, 'सगळ्यांनी तार ताबडतोब काढा. माझे वडील मरता मरता वाचले.' लगेच उत्तरं आली. 'उस्ताद घाबरला!' 'अहो, वडिलांना कोण विसरतं?' हसणारे चेहरे. दोघा-तिघांनी मात्र 'काढतो' म्हणून लिहिलं. सिस्टरने संदेश पाहिलाच नव्हता. त्याने फोन लावला. बंद. ड्युटीवर फोन कपाटात ठेवावा लागतो, हे तिनेच सांगितलं होतं.

तोवर बायको मुलांना घेऊन धापा टाकत पोचली. "आता कुठे निघालात? बाबांना असं टाकून?"

"सिस्टरच्या गाडीत लहान मूल असतं," तो म्हणाला. बायकोने तोंडावर हात नेला आणि वाट सोडली.

हॉस्पिटलचं आवार गाड्यांनी खच्चून भरलं होतं. पत्रे नुसते तापले होते. उस्तादने एकेक रांग पालथी घातली. त्याच बनावटीची एक गाडी दिसली, त्याने काचेला नाक लावलं, आत रिकाम्या बाटल्या. दुसरी दिसली, तिच्यात खुर्ची नव्हती. तिसरी नव्हतीच. त्याचा जीव भांड्यात पडला. गाडीच आणली नसेल. उगाच आपण अभद्र विचार करतोय.

तरी त्याने गेटवरच्या वॉचमनला सांगून सिस्टरला खाली बोलावलं. ती पायऱ्या उतरत आली, हातात कपाटातून काढलेला फोन, चेहरा हसरा.

"अय्या उस्ताद, तुम्ही? फोनवर जाडे दिसता हो!"

त्याने सगळं एका दमात सांगितलं. तिचं हसू गेलं, पण ती घाबरली नाही. "बाबा बरे आहेत ना आता? बरं झालं बाई. आमच्याकडे तसं नाही व्हायचं. मुलीला रोज मीच पाळणाघरात सोडते, माझ्या हाताला सवय आहे."

"गाडी कुठेय ताई?"

"आज ह्यांच्याकडे आहे. माझी ड्युटी अचानक सकाळची लागली, मी हॉस्पिटलच्या बसने आले. तिला आज हेच सोडणार होते, मग तसेच ऑफिसला." बोलता बोलता तिचा आवाज मंद झाला. "पहिल्यांदाच. गाडीत बसली की ती लगेच झोपते."

वॉचमनच्या टेबलावर पंखा घरघरत होता. घड्याळात पावणेबारा वाजत आले होते.

"फोन लावा," उस्ताद म्हणाला.

तिने पाळणाघराला लावला. स्पीकरवर टाकला. पलीकडे मुलांचा गलका आणि एका बाईचा दमलेला आवाज. "नाही हो, आज ती आलीच नाही. आम्हाला वाटलं, तुम्हाला सुट्टी असेल."

सिस्टरने नवऱ्याचा नंबर दाबला. बोट दोनदा चुकलं. घंटी वाजली, तिसऱ्या घंटीला त्याने उचलला.

"हां, बोल पटकन, मीटिंगमध्ये आहे."

"अहो, पिलूला सोडलंत ना?"

पलीकडे कुणीतरी खोकलं, कागद सळसळले. मग खुर्ची धाडकन पडली आणि पावलं ऐकू आली, जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरणारी. फोन त्याच्या हातातच होता, बंद करायचं भान राहिलं नव्हतं. उस्तादला ती पावलं ओळखीची होती. तासाभरापूर्वी तो स्वतः तसाच पळाला होता.

खिशातली तार त्याने मुठीत आवळली. दार आपटल्याचा आवाज आला, मग रस्त्याचा गोंगाट, पुन्हा पावलं. मग गाडी उघडल्याची टुक-टुक, आणि मागच्या दाराचा खटका. त्यानंतर नुसता त्याचा श्वास.

सिस्टरने फोन दोघांच्या मध्ये धरला होता. तिने मान वर केली आणि अगदी हळू, मुलगी जागी होऊ नये अशा बेताने विचारलं,

"उस्ताद, तुम्हाला काही ऐकू येतंय का हो?"