आंदणाची गादी

मित्रांनो, उन्हात टाकलेली जुनी गादी दिसली की तुम्हाला एकच गोष्ट सुचते, तिच्यावर उडी मारणे. मारा हवी तर. पण मग थोडा वेळ इथेच बसा, कारण मला बोलायचे आहे. गादीला कोणी काही विचारत नाही, आणि खरे सांगू का, घरातले सगळ्यात जास्त तिलाच ठाऊक असते.

मी मूळची नांदगाव खंडेश्वरच्या काळ्या रानातल्या कापसाची. जिनिंगच्या गिरणीत सरकी गमावून मी अमरावतीला आले. तिथे इनायतुल्ला पिंजाऱ्याच्या कमानीखाली मी अशी उडाले, अशी उडाले, की त्याच्या भुवयांवर जाऊन बसले. शेजारच्या रमाचे लग्न अकोल्याला ठरले होते आणि मी तिच्या आंदणाची गादी होणार होते. इनायतुल्लाची बायको बिस्मिल्लाबी टाके घालायला बसली, तर नवरी स्वतःच सुई घेऊन शेजारी हजर.

"नवरी कधी आपली गादी आपणच शिवते का?" बिस्मिल्लाबी म्हणाली.

"मग कोणाची शिवू? तुमची?"

"अन् रुई किती भरून राहिली बाई. नवरा घसरून पडीन."

"पडला तर पडला. वकील आहे, दावा लावील."

अंगणातल्या सगळ्या बायका हसल्या. माझ्या एका कोपऱ्यातले टाके आजही वेडेवाकडे आहेत. ते रमाचे.

बडनेऱ्याला गाडी बदलताना हमालाने मला डोक्यावर घेतले, तेव्हा मी पहिल्यांदा एवढी माणसे वरून पाहिली. मग अकोला, आणि माडीवरची खोली. तिथे मला जमिनीवर अंथरले ती मी तिथलीच झाले. रमाचा नवरा कमलाकांत कोर्टात बोलत असे. घरी मात्र त्याची आई मनकर्णाबाई बोलत असे. रमाची मुलगी शैला माझ्यावरच रांगायला शिकली. पाहुणे मला हाताने दाबून पाहत आणि म्हणत, "अमरावतीची गादी म्हणजे गादीच." मी फुगून बसे. गादीला तेवढे जमते.

पण रमाचे एक दुखणे होते. त्याला तेव्हा आमच्याकडे कोणापाशी नाव नव्हते. कोणी बाहेरचे म्हणे, कोणी नखरे म्हणे.

कधी कधी तिला झोपच नको होई. मी कोरी पडून राही आणि ती भिंती पोतारायला घेई, मध्येच गाणे म्हणे, एका दमात चार गोष्टी सुरू करी आणि एकही पुरी करत नसे. शैलाला तेव्हाची आई फार आवडे. अशाच दिवसांत रमाने मला उसवले. आळीतल्या प्रत्येक लेकराला एक उशी द्यायची, असे तिने ठरवले होते. मूठमूठ कापूस निघत गेला आणि उशा होत गेल्या. शैला दारोदार त्या वाटत फिरली. मी अर्धी झाले. लोक म्हणाले, सून मोठ्या मनाची. पुढे तेच लोक तिला वेडी म्हणू लागले. उशा मात्र कोणी परत केल्या नाहीत.

मग एका सकाळी ती माझ्यावर पडली ती उठलीच नाही. वेणी नाही, जेवण नाही, बोलणे नाही. तिचे डोळे दाराकडे लागलेले असत, पण काही पाहत आहेत असे वाटत नसे. माझ्यात तिच्या अंगाचा खळगा पडला. ती रडली असती तर मी ओली तरी झाले असते. ती रडतही नव्हती.

शैला शाळेतून आली की उंबरठ्यापर्यंत येई आणि थांबे.

"काहून गं शैले, तिथं काहून उभी?" आजी खालून हाक मारी. "चाल खाली. तुले वारं लागीन तिचं."

आणि ते इवले पाय मागे वळत.

काही दिवसांनी मनकर्णाबाईने माझ्यावरच खटला भरला. "गादी मऊ आहे म्हणून पडून राहिली. काढा ती, मग पाहा कशी उठते." मला रमाच्या अंगाखालून ओढून गच्चीवर टाकले. रमा उठली नाही. उशाला हात घेऊन ती तशीच फरशीवर पडून राहिली. शेवटी तिला खोकला धरला, तेव्हा मला परत आणले. माझा काही गुन्हा नाही, असे कोणी म्हणाले नाही. तिचाही नाही, असेही कोणी म्हणाले नाही.

आता आमची एक रीत सांगते, नाहीतर पुढचे तुम्हाला कळायचे नाही. बाई माहेरी जाते, बाळंतपणाला जाते, आजारपणाला जाते. पण आंदणाची गादी सासरीच राहते. गादी तिच्यासोबत परत निघाली, की सगळे समजून जातात, ही आता परत यायची नाही.

रमाचा भाऊ हरिहर तिला चार महिने अमरावतीला न्यायला आला, तेव्हा दारात टांगा उभा होता आणि मी ओसरीवर सुंभाच्या दोरीने आवळून बांधलेली होते. गाठ मनकर्णाबाईची होती. तिच्या मनात तिवशाचे एक स्थळ होते. मी गेले की तिवशाहून नवी गादी येणार होती, आणि शैलाला नवी आई.

"गादी काहून बांधली?" हरिहरने विचारले.

"जाऊ द्या संगं. तिथं लागीनच तिले."

"आमच्याकडे गाद्या आहेत."

"असतीन. ही तिची आहे."

हरिहरने कमलाकांताकडे पाहिले. "वकीलसाहेब, तुमचं काही म्हणणं?"

भर कोर्टात साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. शैला त्याच्या मागे होती. ती माझ्याकडेच पाहत होती.

मग रमा बोलली. तिचा आवाज गंजलेल्या कडीसारखा निघाला. "गादी राहू द्या. मी येईन."

बस, एवढेच. पण तेवढे बोलायला तिला काय लागले असेल, ते मला ठाऊक आहे. पाणी मागायलाही तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

कमलाकांत खाली बसला. गाठ सुटेना, म्हणून त्याने दात लावले. स्वतःचा तांब्या कधी न उचललेल्या त्या माणसाने मला खांद्यावर घेतले. जिन्यात मी दोनदा अडकले, त्याची टोपी पडली, पण त्याने मला माडीवर नेऊन जागच्या जागी अंथरले. खाली टांग्याचा आवाज दूर गेला.

आणि मग कोणीच नाही. दुपारी उन्हाचा एक पट्टा माझ्यावरून सरकत भिंतीवर जाई. एक चिमणी वेड्यावाकड्या टाक्यांतून माझा कापूस घरट्याला नेई. मी म्हणे ने, तेवढीच सोबत. शैला संध्याकाळी येई आणि सवयीने उंबरठ्यावरच थांबे. आत कोणी नव्हते, वारे लागायचे भय नव्हते, तरी ती आत येत नसे. रमाचा खळगा तसाच होता, फक्त गार पडला होता.

एके दुपारी मनकर्णाबाई पाहुण्यांसाठी मला खाली न्यायला आली. जिना चढून तिची कंबर धरली, म्हणून ती जरा टेकली, आणि आडवी झाली ती नेमकी त्या खळग्यात घसरली. उठेना. तेवढ्यात शैला आली आणि सवयीने उंबरठ्यावर थांबली.

"आजी, बरं नाही का?"

म्हातारीने पडल्या पडल्या दाराकडे पाहिले. "शैले, इथून तुझे फक्त पायच दिसून राहिले."

शैलाने खाली आपल्या पायांकडे पाहिले.

"तुझी आई रोज हे पायच पाहत होती का गं? येणारे अन् परत जाणारे?"

"तूच हाक मारायचीस."

"हो. मीच मारत होती." तिने मान वळवली. "ये आत."

तिवशाला तिने काय कळवले, मला माहीत नाही. नवी गादी आली नाही. चैत्रात रमा आली, स्वतःच्या पायांनी जिना चढून.

ती कायमची बरी झाली, असे सांगून मला गोष्ट संपवता आली असती. पण दुखणे पुन्हा आले. पुन्हा ती माझ्यावर पडली, पुन्हा डोळे दाराकडे. त्या सकाळी उंबरठ्यावर मनकर्णाबाईचे पाय आले. थांबले नाहीत. हातात तुरीच्या दाळीने भरलेले सूप घेऊन ती आत आली आणि माझ्या काठावर बसली.

"उठू नको, रमे. मले दाळ निवडायची आहे. इथं उजेड चांगला आहे."

मित्रांनो, माडीवर खालच्याहून कितीतरी कमी उजेड येतो. हे मला ठाऊक होते, रमालाही ठाऊक होते. थोड्या वेळाने शैला भूगोलाचे पुस्तक घेऊन दुसऱ्या काठावर बसली.  दुपार उलटल्यावर रमाचा एक हात सुपात आला आणि तिने एक खडा काढून बाजूला ठेवला.

आज मला गच्चीवर उन्हात टाकले आहे ते रमानेच. उद्या पिंजारी यायचा आहे. दर दोन-तीन वर्षांनी माझ्यात गोळे होतात, मला पुन्हा पिंजावे लागते, आणि त्याबद्दल मला कोणी नावे ठेवत नाही. माणसाला ठेवतात. तुमच्या घरात कोणी असे पडून असेल, तर त्याच्याखालची गादी ओढू नका. उंबरठा ओलांडून आत जा. बोलायला काही सुचले नाही तर दाळ घेऊन जा. माझ्या काठावर बसायला फार जागा लागत नाही.