दंडावरचं मीठ

लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा आचाऱ्याने बायकोला चकित करायचं ठरवलं. बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. आधीच्या वर्षी त्याने तिला कुकर दिला होता आणि ती आठवडाभर धड बोलली नव्हती. या खेपेला त्याने डोकं लढवलं. त्याचा धंदा आणि तिचा विषय जिथे एकत्र येतात अशी एकच वस्तू त्याला सुचली. मीठ. त्याने जाऊन डाव्या दंडावर मिठाचं सूत्र गोंदवून घेतलं.

संध्याकाळी त्याने बाही वर केली. "ओळख."

बायकोने चष्मा लावला. NaCl₂. तिचा हात सवयीने पर्समधल्या लाल पेनाकडे गेला आणि मोठ्या कष्टाने परत आला.

"हे काय आहे?"

"मीठ. म्हणजे आपण दोघं."

"सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन एक घेतो. एकास एक. मग हा दुसरा कुठून आला?"

"तो आकडा मीच घालायला लावला. खाली बारीक काहीतरी असल्याशिवाय सूत्र वाटतच नाही. पाण्याला आहे, मग मिठानेच काय घोडं मारलंय?"

आतून त्याची आई बाहेर आली. "दुसरा कोण आला गं?"

"क्लोरीन, आई."

"जेवायला थांबणार आहे का?"

आचारी ओट्याशी गेला आणि कांदे चिरायला लागला. रडायला तेवढीच सबब. ते बघून बायकोला वाईट वाटलं. तिच्या वर्गातली मुलं बाकांवर पुष्कळ काही कोरत, पण ते तिच्याबद्दल असे. तिच्या विषयासाठी आजवर कोणी कातडी टोचून घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन गोंदणाऱ्याकडे गेली.

"खोडायला वेळ लागेल, बाई. आणि काढताना जास्त दुखतं."

"खोडू नका. Cl आणि दोनच्या मध्ये एक O बसवा."

गोंदणाऱ्याने वाकून पाहिलं. "बसेल. जरा खेटून."

काम झाल्यावर आचाऱ्याने आरशात पाहिलं. NaClO₂. "आता बरोबर?"

"एकदम. सोडियम क्लोराइट."

"म्हणजे मीठच ना?"

"मीठ क्लोराइड. हे क्लोराइट. ऑक्सिजन आत शिरला की नाव बदलतं."

"हे खातात?"

"छे. कापड पांढरं करायला वापरतात."

रस्ता ओलांडून तो थांबला. मग म्हणाला, "दहा वर्षं तुझा डबा भरतोय, आणि मी ब्लीच."

"अचूक लिहिलेलं ब्लीच," ती म्हणाली आणि प्रेमाने त्याचा दंड धरला. नेमका तोच. तो कळवळला.

हॉटेलात तो अजून सगळ्यांना मीठ म्हणूनच सांगतो. एकदा तिच्यासमोर सांगितलं. तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही खाली ठेवला नाही.