सूज न आलेली जखम

मी एक जखम बोलतेय. वारसिनीच्या डाव्या घोट्यावर माझा मुक्काम आहे. बाटिकच्या कापडावर नक्षी काढताना गरम मेणाची कढई कलंडली आणि मी जन्मले. भाजणं तिला नवं नाही. माझ्या आधीच्या बहिणी लाल झाल्या, सुजल्या, ठणकल्या आणि भरून गेल्या.

मला मात्र सूज आलीच नाही.

माणसं सुजेला शिव्या घालतात. पण आधी सूज यावी लागते, तेव्हाच रक्तातून मदत धावून येते, घाण उपसते, मग नवी कातडी धरते. वारसिनीची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. कातडीला बळ देणारं संप्रेरक आटलंय, त्यामुळे थोडा उशीर लागलाच असता. पण माझी मदत रोज वाटेतच अडते, ती जामूचा पेला पोटात गेला की.

जामू म्हणजे झाडपाल्याचा काढा. पूर्वी घरीच हळद-आलं वाटून व्हायचा, आता बाजारातून पाकीट येतं. वर पानामुळांची चित्रं आणि आत गुपचूप मिसळलेलं स्टेरॉइड. तेही संप्रेरकच, पण सूज दाबून टाकणारं. गुडघेदुखी पळाली म्हणून वारसिनी खूश. मला रक्तातून सगळं कळतं, पण सांगू कोणाला?

"तोंड बघ कसं गोल झालंय, नव्या नवरीसारखं!" नवरा कार्सोनो चिडवतो.

"जळा तुम्ही! जामूची कमाल आहे ही."

दवाखान्यात नर्स मलमपट्टी करताना दरवेळी विचारते, "काकू, कुठलं औषध चालू आहे?"

"छे गं! औषधाला मी हातसुद्धा लावत नाही."

ती खोटं बोलत नाही. चहाला कोणी औषध म्हणतं का? तसंच हे. मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते.

आता मी काळी पडलेय, पार हाडापर्यंत गेलेय. पाय राखायचा की कापायचा ते उद्या मोठ्या इस्पितळात ठरणार. आज संध्याकाळी लेक रेत्नो डोळे पुसत जामूचे दोन पेले घेऊन आली. "उद्या ताकद लागेल आई. आज दोन पेले घे."

वारसिनीने दोन्ही संपवले.

डॉक्टर, उद्या तिला औषधांचं विचारू नका. रोज काय पितेस, एवढंच विचारा. मला नाहीसं व्हायचंय हो, पण तिच्या पायासकट नको.