पाऊलभर अलीकडे

"पंखा बंद! खिडकी लाव! आणि ज्याला शिंक यायची असेल त्याने आत्ताच देऊन टाकावी!" पिसं चिकटवणारा गोंदवाला ओरडला, आणि चाचणीच्या लांबट खोलीत भिंतीला टेकून उभे असलेले आम्ही सगळे खरोखरच श्वास रोखून राहिलो.

मावशीने रॅकेट खालून वर फिरवली. फूल उडालं, छताखालून झोकात गेलं आणि पलीकडच्या दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मध्ये उतरू लागलं.

"बरोबर," मावशी म्हणाली. पडलेलं पाहून नव्हे; फूल अजून हवेतच होतं.

बॅडमिंटनच्या शटलला आमच्या कारखान्यात कोणी शटल म्हणत नाही. सोळा पिसं आणि एक बूच, त्याचं फूल. वजनात सारखी दिसणारी फुलंसुद्धा उडताना सारखी नसतात. एक पुढे पळतं, दुसरं अलीकडेच बसकण मारतं. म्हणून प्रत्येक फूल मारून पाहायचं आणि तीन पेट्यांत टाकायचं: पट्ट्यांपलीकडे पडलं तर तेज, मध्ये पडलं तर बरोबर, अलीकडे पडलं तर मंद. हे काम एकोणतीस वर्षं मावशीचा उजवा हात करत आला होता. कसं कळतं, असं विचारलं की ती म्हणायची, "तुला भूक लागलेली कशी कळते?"

आता मालकांच्या मुलीने, म्हणजे ताईने, यंत्र आणलं होतं. ते फूल एकाच जोराने फेकायचं आणि पडल्याची जागा पडद्यावर आकड्यात सांगायचं. पॅकिंगच्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, नवी सून. "सासूबाई, आता टेका पाठ," असं म्हणून त्या मावशीला चिडवत. मावशी हसायची, पण त्या आठवड्यात तिने स्वतःची रॅकेट दोनदा पुसली. मी पाठवणीचा कारकून. असल्या गोष्टी मोजायची मला खोड आहे.

शेवटी मालकांनीच फैसला लावला. तीच साठ फुलं सकाळी यंत्राने तपासायची, मग मावशीने. निकाल चुकला तर मावशीने पॅकिंगच्या स्टुलावर बसून फुलांच्या नळ्या भरायच्या. मी बुचांवर पेन्सिलीने क्रमांक घातले. दोन्ही याद्या माझ्याकडे. गोंदवाल्याने मावशीवर आठवडाभराचा चहा लावला होता, मीही.

साठावं फूल पडलं. मावशीने कपाळ पुसलं. "वाच रे."

मी याद्या शेजारी शेजारी धरल्या आणि माझा चहा गेला हे मला तिसऱ्याच ओळीत कळलं.

"अरे वाच की! तोंडात गोंद भरलाय का?" गोंदवाल्याने मला ढोसलं.

"मावशीची बरोबर... वीस," मी म्हणालो. "त्यातली एकोणीस यंत्राने तेज धरलीत."

गोंदवाला पुटपुटला, "यंत्र बिघडलंय." पण त्याच्या आवाजात चहाइतकाही दम नव्हता.

ताईने मात्र यादी माझ्या हातातून ओढली. तिला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिचे डोळे वेगळेच चमकायला लागले. "थांबा थांबा. यंत्राची बरोबर बावीस आहेत. ती मावशींनी कुठं टाकलीत? मंद... मंद... मंद... बाबा, बावीसपैकी एकवीस मंदमध्ये!"

"म्हणजे सगळंच चुकलं," मालक म्हणाले.

"नाही हो! अंदाजपंचे मारणारा माणूस असं चुकूच शकत नाही. मावशी, तुमची चूक एकसारखी आहे. प्रत्येक फूल तुमच्याकडून फूटभर अलीकडे पडतंय."

मावशीने डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला. इतक्या वर्षांत तिला तो सगळ्यांसमोर चोळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"फुलं मंद झाली नाहीत," ती सावकाश म्हणाली. "मी झालेय."

आणि मला माझ्या कपाटातली गिऱ्हाइकांची पत्रं आठवली. 'तुमची फुलं हल्ली कोर्टाबाहेर पळतात.' दोन वर्षांत अकरा. गरम हवेत फूल जास्त पळतं, म्हणून प्रत्येकावर मी 'उन्हाळ्यामुळे' असा शेरा मारला होता, त्यातल्या चारांवर भर थंडीत.

तेवढ्यात मालकांचा चेहरा उतरला. मोठ्या स्पर्धेची चाळीस डझनं मावशीनेच निवडलेली, नळ्यांत बंद, दाराशी उभी होती. गाडी चारला येणार. घड्याळात दीड.

"जाऊ देत तशीच," मालक म्हणाले. "फूटभराने कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना आता," मावशी म्हणाली. "मंदच्या पेट्या काढा. खरी फुलं त्यात आहेत."

"आठशेच्या वर आहेत! यंत्राला एकेकाला अर्धं मिनिट लागतं. रात्र होईल," ताई म्हणाली.

"यंत्राला लागतं. मला नाही. खडू आण रे."

ती पलीकडे गेली, चप्पल काढली, पहिल्या पिवळ्या पट्टीला टाच लावून एक पाऊल अलीकडे मोजलं आणि खडूने आडवी रेघ ओढली. दुसऱ्या पट्टीलाही तसंच. मग येऊन जागेवर उभी राहिली. "हं, दे."

आणि काय सुटली मावशी! मी फूल हातात द्यायचं, तिने मारायचं, गोंदवाल्याने पलीकडून झेलल्यासारखं उचलायचं. बरोबर, मंद, मंद, बरोबर. ताई दर विसावं फूल यंत्रात टाकत होती. "जुळलं!" दर वेळी तिचा आवाज चढत होता. "जुळलं! हेही जुळलं!" पॅकिंगच्या बायका नळ्या भरता भरता आकडा पुकारत होत्या.

तीनशेनंतर ताईने पडद्यावर बोट ठेवलं. "मावशी, दोन बोटं कमी पडतंय."

हात थकत होता. मी धावत जाऊन दोन्ही रेघा दोन बोटं अलीकडे ओढल्या. पुढे आणखी दोन. मावशीचा पदर घामाने चिंब झाला, पण एकही ठोका चुकला नाही. सव्वातीनला तिसऱ्यांदा. चारला सात मिनिटं कमी असताना बायका ओरडल्या, "चारशेऐंशी!" आणि गोंदवाल्याने चक्क यंत्राच्या पाठीवर थाप मारली. "सूनबाई, जिंकलो आपण!"

गाडी गेली. मालक घसा खाकरत म्हणाले, "मावशी, उद्यापासून तुम्ही..."

"उद्यापासून सकाळी आधी दहा फुलं सुनेने तपासायची. ती मला द्यायची. आधी माझी परीक्षा, मग फुलांची." मावशीने रॅकेट खुंटीला अडकवली, डाव्या हाताने. "आणि ज्या दिवशी रेघ पट्टीपासून दोन पावलांवर येईल, त्या दिवशी ते स्टूल मी स्वतः ओढून घेईन. तुम्ही सांगायला येऊ नका."

मालकांनी मान हलवली. ताईने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सगळे गेल्यावर मी ओला फडका घेऊन फरशीवर बसलो. "मावशी, पुसू का?"

"थकव्याच्या पूस. पहिल्या राहू देत."

मी पुसल्या. ती रेघेजवळ आली, पिवळ्या पट्टीला टाच टेकवून पुन्हा एकदा पाऊल ठेवलं. अंगठा बरोबर खडूला लागला. क्षणभर ती तशीच उभी राहिली, मग चप्पल घातली आणि रेघेवर पाय न देता बाजूने दाराकडे गेली.