लाल चिंधीचा दोर

पूजाला पाण्याची भीती होतीच, आणि ती काही उगाच नव्हती. पोहता येत नसलेल्या माणसाने खाडीत मरायला जायचं कशाला? पण धाकटा भाऊ नितेश हट्टाला पेटलेला. दोघं धाटावच्या एकाच केमिकल कंपनीत, एकाच शिफ्टला. सुट्टीच्या दिवशी त्याने बहिणीला रोह्याहून पेणला आणलं आणि शिडाच्या होडीत बसवलंच.

शिकवणारा उबेद. दुबईत शौकिनांच्या होड्या चालवून गावी परतलेला. नवख्यांची दोरांमध्ये तारांबळ उडते म्हणून त्याने प्रत्येक दोराला रंगीत चिंधी बांधली होती.

"निळी चिंधी, शीड वर चढवायचा दोर. त्याचं काम झालं, आता विसरा. पिवळी, ही आडवी काठी खाली दाबून धरते. आणि ही लाल. हा दोर शीड आवळून धरतो. वारा अंगावर आला, होडी कलली, की पयला हाच या खाचेतून काढायचा. शिडातला वारा गेला की होडी आपोआप सरळ. ताई, हा तुमच्याकडे. कळलं ना?"

"व्हय," पूजा म्हणाली. पाठ झालं होतं.

खाडीच्या मध्यावर वारा असा काही उसळला की होडी आडवीच झाली. नितेश नेमका खालच्या अंगाला. तो पाठीवर कोसळला, पाय तळाशी टेकू म्हणून लावलेल्या पट्ट्यात अडकला आणि डोकं पाण्यात गेलं. अंगात लाइफ जॅकेट होतं, पण पायच अडकल्यावर ते बिचारं काय करणार!

"लाल सोडा! ताई, लाल!" उबेद ओरडला. सुकाणू सोडून तो पुढे आला असता तर होडी पालथीच झाली असती.

पूजाचा हात दोरापर्यंत गेला आणि तिथेच थिजला.

कंपनीत लाल पट्टी म्हणजे आत माणूस आहे. टाकी साफ करायला कोणी उतरलं की व्हॉल्व्हला लाल पट्टी बांधायची. तो स्वतः वर येऊन, आपलं नाव घेऊन "बाहेर आलो" म्हणेपर्यंत देव आला तरी तिला हात लावायचा नाय. लावलास, तर आतला मेला. रोजच्या कामाने हे तिच्या अंगात मुरलेलं. ही होडी आहे, टाकी नाही, हे डोक्याला कळत होतं. हाताला कळत नव्हतं.

"नितेश!" ती किंचाळली. "बोल रे! नितेश!"

पाण्यातून नुसते बुडबुडे आले.

"सोड गो, सोड!" उबेद रडकुंडीला आला.

आपण आपल्या हाताने भावाला मारतोय, असंच तिला वाटलं. अगदी खरं वाटलं. तिने डोळे गच्च मिटले आणि दोर खाचेतून हिसडला.

शीड फडफडलं. होडी गचका देऊन सरळ झाली. उबेदने झेप टाकून नितेशला आत ओढलं. तो खोकत होता, नाकातोंडातून खारं पाणी गळत होतं.

पूजा मात्र डोळे उघडायला तयार नाही. "ताई, वाचला तो, बघा तरी," उबेद सांगून दमला. ती एकच पुटपुटत होती, "आत कोण हाय? नाव सांग."

उबेदला काही उमगेना. नितेशला उमगलं. तो सरपटत तिच्यापाशी गेला आणि त्याने तिचा गार पडलेला हात धरला.

"नितेश," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "भायेर आलो."

तेव्हा कुठे तिने डोळे उघडले. आधी त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली, आणि मग त्याच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं.