हैबती शाहिरांची कुलपातली वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे; लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानांची आणि भारी घाबरट. कौलांवर थेंब वाजला तरी मी पानं घट्ट मिटून घेते. हसू नका, आधी ऐका तर खरं.

दासगावच्या हैबती शाहिरांनी मला महाडच्या बाजारातून आणलं. शाहीर जाखडी नाचात गायचे. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, समोरच्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा, अशी ती झुंज! शाहिरांचे सगळे सवाल माझ्यात लिहिलेले. गणपतीत त्यांचं नाव ऐकलं की पार पाचाडहून माणसं यायची. औद्योगिक वसाहतीतले कामगार पाळी सुटली की मोटारसायकली थेट मांडवाकडे वळवायचे. त्यांचं नाव रिक्षा-रिक्षात निघायचं. मला कोण अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

पण धास्तीही तेवढीच. समोर गायला असायचे पोलादपूरचे धाकूबुवा. शाहीर घरात सगळ्यांना बजावायचे, "त्या धाकूच्या नजरेला वही पडता कामा नाय!" म्हणून मी पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप आणि किल्ली शाहिरांच्या करदोट्याला. बाहेर बुवांचं खाकरणं ऐकू आलं तरी माझा जीव खालीवर व्हायचा.

मग सावित्रीला महापूर आला. माणसं माळ्यावर चढली, ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर सूनबाई तेजश्रीनं कुलूप उघडलं, तर शाई फुटून माझी सगळी पानं निळी झालेली. एक ओळ लागेना. त्यात शाहीर नुकते मोठ्या आजारातून उठलेले. त्यांना कुठल्याच गाण्याचं दोन ओळींपुढे आठवेना. मला उन्हात धरून ते बसून राहायचे. "गेलं गो सगळं," एवढंच म्हणायचे. माझ्या भरवशावर ठेवलेलं मला सांभाळता आलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एके सकाळी दारात बघते तर धाकूबुवा! तेजश्रीनंच त्यांना फोन केला होता. शाहिरांनी मला पटकन पाठीमागे लपवलं.

"लपवतोस काय रे हैबती?" बुवा हसले. "तीस वरसं तुझ्या सवालांनी मला छळलाय. जबाब शोधायचा तर सवाल पाठ नको? सगळे हायत माझ्यापाशी. घे गो सूनबाय, लिही."

चार दिवस बुवा म्हणत होते आणि तेजश्री नव्या वहीत लिहीत होती. शाहीर मांडीवर ठेका धरायचे, मध्येच रडायचे. शेवटी त्यांनी माझ्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"आनि ह्यो?"

"ह्यो कंचा? मी नाय आयकला."

"सगळ्यांत भारी होता. तुला हरवायला राखून ठेवला होता."

बुवांनी त्या निळ्या पानावरून हात फिरवला. मग म्हणाले, "एकदा तरी टाकायचास ना रे माझ्यावर."

हल्ली बुवा दर शनिवारी एसटीनं येतात. चपला काढायच्या आधी विचारतात, "आठवला काय रे?" शाहीर नाही म्हणून मान हलवतात. ती मान हलताना बघवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गात असेल तर आजच त्यांच्यापाशी बसा, गाणं म्हणायला लावा. तुम्हाला येत असेल तर राखून ठेवू नका. जी चारचौघांत गायली ती सगळी परत आली. कुलपात ठेवलेलं ते एकच गाणं गेलं. मी वही, पण आता मलाही ते आठवत नाही.