मोहोळ उठलं त्या गुरुवारी

मिनीबस देवळासमोर थांबली आणि चौदा माणसं एकेक करून खाली उतरली, तेव्हा दीक्षानं ती दोनदा मोजली. आजवर या खोऱ्यात ती एकटीच हिंडली होती. वाट चुकली तर तिची तीच चुकत होती. आज तिच्या शब्दावर एवढे लोक आले होते.

दीक्षा मूळची परभणीकडची. नऊ वर्षांपूर्वी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात लागली. पहिली काही वर्षं खोली, बस आणि शेड यांच्यापलीकडे तिनं काही पाहिलं नाही. मग एका गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, स्कूटीवरून जाताना ती चुकीच्या फाट्याला वळली आणि भामा नदीकाठच्या या वाडीत आली. देवळापुढं चार वीरगळ उभे होते. दगडावर कोरलेला, गुरांसाठी लढताना पडलेला माणूस, त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर चंद्रसूर्य. शेंदराखाली अर्धे बुजलेले. त्यानंतर तिचे बहुतेक गुरुवार या खोऱ्यातच गेले. बारव, जुना घाट, डोंगरातली गुहा, सगळं तिनं म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून माहीत करून घेतलं. तिचे फोटो बघून कंपनीतले लोक म्हणायला लागले, "ताई, आम्हालाही न्या ना." शेवटी ती हो म्हणाली.

"व्ह्यू कधी येणार, दीक्षाताई?" ओंकारनं उतरल्याबरोबर विचारलं. तिच्याच लाइनवरचा सुपरवायझर. सोबत त्याची आई कुसुमताई, पासष्टीच्या, संत तुकाराम नगरात चाळीस वर्षं काढलेल्या. त्यांच्या काखेत घडी घातलेली सोलापुरी चादर होती. गुडघे दुखायचे, त्यामुळे जिथं दमतील तिथं बसायची सोय त्यांनी बरोबरच आणली होती.

"आधी वीरगळ, मग बारव, मग वर कडा," दीक्षा म्हणाली.

लोक बारवेच्या पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात चिमाजीबाबांनी तिला हाक मारली. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं वावर होतं. तीन वर्षांपूर्वी गुहेची वाट त्यांनीच तिला दाखवली होती.

"पोरी, आज वर जाऊ नगं," ते हळू आवाजात म्हणाले. "गुहेवरचं आग्यामोहोळ बिथारलंय. दोन दिस झालं, एक मोठा ससाणा येतोय आन् पोळ्यावर झडप घालतोय. काल आमच्या गुराख्याला बी चावल्यात."

"बाबा, पण गुहेपासून लांबून गेलो तर? नुसतं कड्यावर जाऊन यायचं."

"कडा काय आन् गुहा काय, हाय किती लांब? न्हाई म्हंजी न्हाई. चार दिसांनी या."

दीक्षानं मान डोलावली. चिमाजीबाबा बैलाला पाणी दाखवायला निघून गेले.

ती तिथंच उभी राहिली. चार दिवसांनी कोण येणार होतं? सुट्टी पुन्हा पुढच्या गुरुवारी. शिवाय कड्यावरून सबंध नदी दिसते, हे तिनं महिनाभर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता नाही म्हटलं तर काय म्हणतील? हिला काही माहीत नाही, उगाच आणलं. तीन वर्षांत तिला एकदाही माशी चावली नव्हती. आजच काय होणार आहे, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

"वर मोठ्यानं बोलायचं नाही," एवढंच ती म्हणाली. "सेंट मारलं असेल त्यांनी मागं राहा." लोक हसले. तीही हसली आणि पुढं चालू लागली.

चढायला पाऊण तास लागला. कुसुमताई तीनदा बसल्या. "तुम्ही खालीच थांबता का, काकू?" दीक्षानं दुसऱ्यांदा विचारलं.

"एवढी आले ती काय अर्ध्यातून परत जायला? चल, हात दे."

कड्यावर पोचल्यावर सगळे एकदम गप्प झाले. खाली भामा वळणं घेत गेली होती. पश्चिमेला धरणाचं पाणी, काठाला हरभऱ्याची हिरवी वावरं, उलट्या दिशेला दूरवर कारखान्यांचे पत्रे उन्हात लखलखत होते. "आपली कंपनी त्यातलीच एक," कुणीतरी कुजबुजलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दीक्षाचं मात्र लक्ष डावीकडं, गुहेवरच्या कपारीत लोंबणाऱ्या पाच काळ्या पोळ्यांकडं. त्यांच्यावरून मधूनच एक लाट सरकल्यासारखी सरकायची. "पाच मिनिटं," ती म्हणाली, "फोटो काढा आणि उतरू." पाचाची दहा झाली. तिनं पुन्हा सांगितलं. कुणी ऐकेना.

ससाणा तिला आधी दिसला. वरून सरळ खाली आला, कपारीला धडकल्यासारखा झाला आणि पोळ्याचा एक लचका घेऊन वर गेला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग गिरणी सुरू व्हावी तसा आवाज आला.

"पळा! डोकं झाका, खाली पळा!" दीक्षा ओरडली.

लोक पायवाटेनं सुटले. चपला राहिल्या, पिशव्या राहिल्या. दीक्षाही धावली. वीसेक पावलं गेल्यावर तिनं वळून पाहिलं. कुसुमताई खडकाशी बसलेल्या, दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं. ओंकार केव्हाच पहिल्या वळणापलीकडं गेला होता.

ती परत फिरली. तोवर तिच्या मानेवर, कानावर, हातांवर आग आग झाली होती. तिनं चादर उलगडली, कुसुमताईंना खडकाच्या बेचक्यात ढकललं, स्वतः त्यांच्यावर वाकली आणि चादर दोघींभोवती ओढून कडा पायांखाली दाबल्या.

"काकू, हलू नका. बिलकूल हलू नका."

आत काळोख आणि घाम. चादरीवर माशा वाळूसारख्या आदळत होत्या.

"ओंकार कुठाय?" कुसुमताईंनी विचारलं.

"खाली पोचला असेल."

कुसुमताईंचा श्वास घशात घरघरत होता. दीक्षाच्या मनात एकच विचार घुमत होता. या बाईंना काही झालं तर? तिला ते लपवून ठेवणं जमेना.

"काकू, मला माहीत होतं. बाबांनी सांगितलं होतं वर जाऊ नका म्हणून. मी कुणाला बोलले नाही."

कुसुमताईंनी चादरीची कड चाचपली.

"ते आत्ता ऐकून काय करू मी?" त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूनं चादर सुटतेय. नीट धर."

किती वेळ गेला ते दीक्षाला कळलं नाही. मग धुराचा वास आला. ओल्या पाल्याचा आणि गोवऱ्यांचा जाड धूर. त्यातून चिमाजीबाबांचा आवाज. "पोरी, हाय का जित्ती? उठू नगं. घोंगडं टाकतोय वरनं." त्यांच्याबरोबर वाडीतले दोघे होते. कुसुमताईंना त्यांनी घोंगड्यात गुंडाळून पाठीवर घेतलं आणि धुराच्या आडोशानं खाली आणलं.

चाकणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कुसुमताईंच्या अंगातून अकरा काटे काढले, दीक्षाच्या अंगातून त्रेपन्न. दोन रात्री दोघींना तिथंच ठेवलं. बाकीच्यांना दोन-चार चावे. सगळे वाचले.

खरा त्रास मग सुरू झाला. सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुलं यायला लागली. दीक्षाताईंमुळे काकू वाचल्या, दीक्षाताई वाघीण आहेत. कंपनीत तिचा सत्कार करायचं ठरलं. तिचा सुजलेला डोळा उघडेना, पण झोपही येईना. कुसुमताईंनी कुणाला सांगितलं असेल का? मग हे लोक असे का बोलतात? आणि सांगितलं नसेल, तर का नाही?

पुढच्या गुरुवारी ती संत तुकाराम नगरात त्यांच्या घरी गेली. कुसुमताई पलंगावर टेकून बसल्या होत्या. ओंकार खुर्चीत होता. आईकडं त्याची पाठ होती. तिला पाहून तो उठला.

"ताई, तुमचे पाय धरायला पाहिजेत."

"बस, ओंकार," दीक्षा म्हणाली. "मला बाबांनी आधीच सांगितलं होतं. मोहोळ बिथरलंय, जाऊ नका म्हणून. तरी मी तुम्हाला सगळ्यांना वर नेलं."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग आईकडं वळला. "तुला माहीत होतं?"

"चादरीतच सांगितलं तिनं मला."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तिचं तिनं सांगायचं होतं," कुसुमताई म्हणाल्या. "मी कशाला सांगू?"

ओंकार दार लोटून बाहेर गेला. दीक्षानं फोन काढला आणि तिथंच बसून ग्रुपवर सगळं लिहिलं. बाबांचे शब्द, आपला विचार, काहीही न झाकता. सत्कार नको, असंही लिहिलं. लगेच दोघे ग्रुपमधून बाहेर पडले. एकीनं लिहिलं, माझं बाळ घरी वाट बघत होतं ताई, तुम्ही असं कसं केलंत? "बरोबर आहे तुमचं," एवढंच दीक्षानं लिहिलं.

"चहा टाक," कुसुमताई म्हणाल्या. "साखर वरच्या फळीवर आहे."

चहा उकळत होता तेव्हा ओंकार परत आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"ताई, त्या बाबांचा नंबर आहे तुमच्याकडं?"

"आहे. का?"

तो खाली बघत बोलला. "मी खाली पोचलो तेव्हा ते समोरच होते. समद्यास्नी आणलं का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. आई वर आहे हे मला तोंडातून काढवलं नाही. पुन्हा वर जावं लागेल असं वाटलं. माणसं त्यांनीच मोजली, तेव्हा दोन कमी भरली."

बाहेरच्या खोलीत कुसुमताईंचा कप बशीवर वाजला. त्यांनी ऐकलं होतं. ओंकारलाही ते कळलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला.

दीक्षानं नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. बरीच रिंग वाजली.

"कोन बोलतंय?" पलीकडून चिमाजीबाबांचा आवाज आला.

ओंकार आईजवळ जाऊन पलंगाच्या कडेला बसला. "बाबा, मी..." तो म्हणाला आणि थांबला. कुसुमताईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही, पण सरकून त्याला जागा दिली.

"वर राहिलेल्या बाईंचा मुलगा बोलतोय," तो म्हणाला.